सव्वीसचा पाना

‘असू दे, काढ याच्यानंच.’

श्रावणातल्या एका संध्याकाळी हँगरमध्ये मी एवढंच बोललो, आणि ते वाक्य अजून माझी पाठ सोडत नाहीये. इंदूरच्या विमानतळाला लागून असलेल्या आमच्या छोट्या हँगरमध्ये तेव्हा सेसना १७२ हे छोटं विमान उभं होतं, दर पन्नास तासांच्या उड्डाणानंतरच्या कामाला. तेल बदलायचं, फिल्टर बदलायचा, प्लग काढून बघायचे, नेहमीचंच काम. बाहेर बारीक पाऊस होता, बिजासन टेकडी धुरकट दिसत होती, आणि पत्र्यावरच्या पावसाच्या आवाजात आम्ही दोघं एकमेकांशी जरा ओरडूनच बोलत होतो. इंजिन थोडा वेळ चालवून गरम करून घेतलं होतं, कारण गरम तेल पातळ होतं आणि खाली बसलेली घाण सोबत घेऊन उतरतं. तेल ट्रेमध्ये काळ्या धारेनं पडत होतं. फिल्टर काढायची वेळ आली आणि हाताखालच्या मुलानं विचारलं, ‘सर, क्रोफूट?’

क्रोफूट म्हणजे दांडा नसलेला, नुसत्या जबड्याचा पाना. मागे एक चौकोनी भोक असतं, त्यात टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेल्या जोरावर खटका देणारा पाना, बसतो. आमच्याकडच्या एक इंची क्रोफूटच्या जबड्याला केसाएवढी चीर दिसली म्हणून आदल्या आठवड्यात मीच त्याला लाल चिठ्ठी बांधून बाजूला ठेवला होता. नवा मागवला होता, आला नव्हता. मुलगा दोन मिनिटं गायब झाला आणि २६ मिलिमीटरचा रिंग पाना घेऊन आला. हँगरचाच, यादीतला, पण दुसऱ्याच कामासाठी ठेवलेला. ‘सर, हा बसतोय.’ मी वाकून बघितलं. बसत होता. म्हणजे जात होता. फिल्टर फेकायचाच होता. सकाळी साडेसहाला पहिली सॉर्टी, म्हणजे पहिलं उड्डाण, होतं. मी म्हणालो, असू दे.

पहिल्याच झटक्याला पाना सुटला. मुलाचा हात इंजिन माउंटच्या नळीवर आपटला आणि दोन बोटांच्या सांध्यांवरची साल निघाली. तो काही बोलला नाही, हात झटकून परत वाकला, पाना मागून दाबून धरला, आणि दुसऱ्यांदा फिल्टर ढिला झाला. तो हातात घेऊन मी टोकाचा षटकोन पाहिला. दोन कोपरे गोल झाले होते, आणि एका कोपऱ्यावर धातूचा चकचकीत सोललेला पापुद्रा उभा होता, नखानं उडवता येईल इतका. तो पापुद्रा खाली पडला असता तर? त्या क्षणी मला मुलाच्या हाताआधी तो दिसला, हेही मला नंतर बराच वेळ टोचत राहिलं.

हा मुलगा आधी मोटारींच्या गॅरेजमध्ये होता. तिथे फिल्टरचं काम वेगळं. गाडीचा फिल्टर हातानं फिरवायचा, रबर टेकलं की आणखी पाऊण फेरा, झालं. काढताना नाही निघाला तर चेन पाना, नाहीतर पट्ट्याचा पाना, अगदीच अडला तर आरपार पेचकस ठोकून फिरवणारेही मी पाहिलेत. तो डबा भंगारातच जाणार असतो. विमानाच्या फिल्टरला टोकाला एक इंची षटकोन असतो आणि त्यालाच तार बांधायचं भोक असतं, कारण तो नुसता घट्ट करायचा नसतो, मापानं घट्ट करायचा असतो. चॅम्पियन कंपनीच्या फिल्टरच्या डब्यावर ते छापलेलंच असतं: १६ ते १८ फूट-पाउंड. रबराला सिलिकॉनचं ग्रीस, डीसी-४, पातळ थर. मग टॉर्क. मग ०.०३२ इंचाची स्टीलची तार, इंचाला सहा ते आठ पीळ, आणि ओढ अशी की फिल्टर सुटायच्या दिशेला जाऊ लागला तर तारेनं त्याला आवळावं. यातलं काहीही अंदाजानं करायचं नसतं. मी हे मुलांना शिकवतो. गेली बावीस वर्षं शिकवतो.

एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. २५ चा पाना लावून बघा, तो जातच नाही, विषय संपला. २६ चा जातो, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. मध्ये ०.६ मिलिमीटरची फट राहते, पोस्टकार्ड दोनदा दुमडून सारता येईल एवढीही नाही. जोर लावला की पाना सपाट बाजूला धरत नाही, फक्त कोपऱ्यांना धरतो, आणि कोपरे जातात. तुम्हाला मात्र हातात वाटत असतं, की बसलाय.

आमच्या व्यवसायात दर काही वर्षांनी मानवी चुकांवरचं प्रशिक्षण असतं, आणि त्यात एक घटना हमखास येते. १० जून १९९० ला बर्मिंगहॅमहून मलागाला निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची समोरची काच १७,३०० फुटांवर उडाली. कॅप्टन अर्धे बाहेर ओढले गेले, कर्मचाऱ्यांनी त्यांना पायांना धरून ठेवलं, आणि सहवैमानिकानं विमान साउथॅम्प्टनला उतरवलं. सगळे वाचले, कॅप्टनसुद्धा. काच उड्डाणाच्या २७ तास आधी, रात्रपाळीत बदलली होती. ९० बोल्टांपैकी ८४ बोल्ट व्यासानं ०.०२६ इंच कमी होते. मिलिमीटरमध्ये ०.६६. हे मी किती वेळा ऐकलं असेन, परीक्षेत लिहिलंही आहे. पण त्या संध्याकाळपर्यंत ०.६६ हा माझ्यासाठी एक आकडा होता. बोल्ट निवडणाऱ्या माणसानं जुना बोल्ट हातात धरून नवे जुळवले होते, आणि ते त्याला जुळल्यासारखे वाटले होते. तो आळशी नव्हता, बेफिकीरही नव्हता. माणसं कमी होती म्हणून त्यानं ते काम स्वतः अंगावर घेतलं होतं. मला आता तो माणूस फार जवळचा वाटतो, आणि हे असं वाटणं सुखाचं नाही.

नवा फिल्टर मी त्या पान्यानं लावू दिला नाही. सकाळची सॉर्टी रद्द करायला सांगितली. फोनवर पलीकडून एक लांब सुस्कारा ऐकू आला. बदलीला दुसरं विमान नव्हतं, आणि एका विद्यार्थ्याचा तास बुडणार होता. मग मुलाच्या बोटांना डेटॉल लावलं, पट्टी बांधली, आणि आम्ही जुना फिल्टर कापायला बसलो.

हे काम मला सगळ्यांत आवडतं. कटर डब्याच्या कडेभोवती थोडं थोडं आवळत फिरवायचं, डबा पातेल्याच्या झाकणासारखा उघडतो. करवत चालवायची नाही, तिचाच कीस आत जाईल आणि इंजिनाची खोटी तक्रार तयार होईल. आतली घडी-घडीची कागदी गुंडाळी धारदार चाकूनं वर-खाली कापून सोडवायची. तेलानं जड झालेली असते. ती शेगड्यात, म्हणजे टेबलावरच्या व्हाइसमध्ये, दाबून तेल पिळायचं, मग पसरायची. लांब, काळपट, दुमडीदुमडीची पट्टी, दिवाळीत घरी कागदाच्या झिरमिळ्या करायचो तशी. वास जळक्या तेलाचा, थोडा पेट्रोलचा, आणि खाली कुठेतरी गोडसर. पट्टी उजेडाखाली धरून एकेक घडी उघडून बघायची. काळे कण दिसले तर बहुधा कार्बन, बोटात चिरडतात. चमक दिसली की थांबायचं. चुंबक फिरवायचं, चिकटलं तर पोलाद, म्हणजे कॅम किंवा टॅपेट किंवा असंच काहीतरी महागाचं. नाही चिकटलं तर ॲल्युमिनियम असू शकतं. पन्नास तासांत इंजिनाच्या पोटात काय झालं ते त्या कागदावर असतं. इंजिन बनवणारी लायकॉमिंग कंपनी म्हणते, फिल्टर असेल तर पन्नास तास किंवा चार महिने, जे आधी होईल ते. मला ते चार महिने महत्त्वाचे वाटतात. पावसाळ्यात उभ्या राहिलेल्या इंजिनात पाणी धरतं, आणि न उडणारं विमान उडणाऱ्यापेक्षा लवकर गंजतं, हे नव्या मालकांना पटवणं कठीण जातं.

त्या फिल्टरमध्ये काही नव्हतं. चार-पाच काळे कण. मुलगा म्हणाला, ‘साफ आहे सर.’ मी होकार दिला, पण माझं लक्ष टेबलावर पडलेल्या डब्याच्या टोकाकडे होतं.

घरी जाताना गाडी आपोआप सियागंजकडे वळली. दुकानं बंद होत होती, अर्ध्या शटरखाली वाकून लोक आतबाहेर करत होते, ओल्या पोत्यांचा आणि ग्रीसचा वास. ज्या दुकानात नेहमी जातो तिथल्या काकांना विचारलं, इंची माल आहे का. ते बोहरा, तीन पिढ्यांचं दुकान, माझ्या वडिलांनाही ओळखायचे. म्हणाले, ‘भिया, इंची अब कौन पूछता है? आप और वो प्रेसवाले.’ तरी माळ्यावरून एक पुडकं काढून दिलं, तेलकट वर्तमानपत्रात बांधलेलं. फिक्स पाने होते, रिंग पाने होते, एक इंचीही होता, गोटी म्हणजे सॉकेटही होती. क्रोफूट नव्हता. गोटी घेतली असती तर? विमानात फिल्टर इंजिनाच्या पाठीमागे असतो आणि त्याच्या टोकामागे लगेच फायरवॉल, म्हणजे इंजिन आणि केबिनमधली भिंत. गोटी आणि तिच्यामागे टॉर्क रेंचचं डोकं एवढं सगळं त्या सांदीत आमच्या विमानात जात नाही. क्रोफूट बाजूनं सरकतो, म्हणून तो.

आणि क्रोफूट लागला म्हणजे हिशेबही आला. टॉर्क रेंचच्या सरळ रेषेत पुढे क्रोफूट लावला तर दांडा लांब होतो. रेंच १२ इंचाचा आणि क्रोफूटनं २ इंच वाढवले, तर रेंचवर १७ लावून खटका पडेपर्यंत ओढला की फिल्टरवर प्रत्यक्ष जवळजवळ २० पडतात. डब्यावर १८ च्या वर जाऊ नका असं छापलेलं असताना. म्हणून एकतर १७ ला १२ नं गुणून १४ नं भागायचं आणि रेंच साडेचौदावर लावायचा, नाहीतर क्रोफूट काटकोनात वळवून लावायचा, म्हणजे लांबी जवळपास तेवढीच राहते. मी मुलांना काटकोनातच लावायला शिकवतो, कारण संध्याकाळी सहा वाजता, घामानं डोळे चुरचुरत असताना केलेल्या भागाकारावर माझा विश्वास नाही. जास्त आवळलेला फिल्टर लगेच गळत नाही. रबर दबून बसतं, पुढच्या वेळी निघत नाही, आणि तो काढायला कुणीतरी जे हाताला येईल ते वापरतो. कधी जुनं रबर इंजिनालाच चिकटून राहतं, नवा फिल्टर त्याच्यावर बसतो, आणि दोन रबरं एकमेकांवर घसरतात. मग आठ क्वार्ट तेल बाहेर यायला किती वेळ लागतो याचा विचार मी करत नाही, फक्त प्रत्येक वेळी जिथे फिल्टर टेकतो ती जागा बोटानं चाचपून बघतो.

रात्री जेवण झाल्यावर माळ्यावरची नानांची, म्हणजे वडिलांची, पेटी काढली.

नाना इथल्या एका कापड गिरणीत फिटर होते. गिरणी बंद झाली तेव्हा मी अकरावीत होतो. त्यांचे पाने गिरणीचे नव्हते, स्वतःच्या पैशांनी घेतलेले, म्हणून ते घरी आले, जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेले. नंतर बरीच वर्षं ते रविवारी पेटी उघडून एकेक पाना रॉकेलनं पुसून परत ठेवत, कुठलंही काम नसताना. आई म्हणायची, ‘अहो, कशाला?’ ते उत्तर देत नसत. मला तेव्हा त्याचा राग यायचा. घरात पैसे नाहीत आणि हे पाने पुसतायत. आज पेटी उघडल्यावर रॉकेलचा वास आला की नाही कोण जाणे, मला आल्यासारखा वाटला.

गिरणीची यंत्रं विलायती, त्यामुळे नानांचे पाने व्हिटवर्थ मापाचे. या मापाची गंमत अशी की पान्यावर जबड्याचं माप नसतं, बोल्टच्या व्यासाचं असतं. ९/१६ लिहिलेल्या पान्याचा जबडा अर्ध्या इंचाच्या आसपास असेल असं कुणालाही वाटेल, पण तो एक इंचाहून जरासा मोठा असतो. जोसेफ व्हिटवर्थनी १८४१ मध्ये आट्यांचं माप ठरवलं तेव्हा ब्रिटनमध्ये प्रत्येक कारखान्याचा बोल्ट वेगळा होता; त्यांनी सगळ्यांना एका मापावर आणलं. अमेरिकेनं स्वतःचं वेगळं ठेवलं. दुसऱ्या महायुद्धात दोघांची यंत्रं एकमेकांकडे गेली आणि बोल्ट बसेनात, तेव्हा १९४८ मध्ये ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडानं मिळून एक माप मान्य केलं. आपल्याकडे मेट्रिक १९५८ पासून लागू होत गेलं. पण गिरणीतलं यंत्र कायदा बदलला म्हणून बदलत नाही, आणि अमेरिकेतल्या विचिटात बनलेलं विमान इंदूरला आलं म्हणून मिलिमीटरमध्ये येत नाही. सियागंजच्या माळ्यावरच्या त्या पुडक्यात हे सगळं एकत्र बांधलेलं होतं.

९/१६ चा पाना सापडला. व्हर्नियर लावला: २५.८.

मी बराच वेळ तो हातात धरून बसलो. नानांच्या अंगठ्याच्या जागी दांडा गुळगुळीत झालेला आहे, तिथे माझाही अंगठा बरोबर बसतो. ते मला शिकवायचे, पाना आधी कानानं बघ. नटवर चढवून जरा हलवायचा. नीट बसलेला पाना मुका असतो. ढिला असेल तर वाजतो. लहानपणी अंगणात सायकलचे नट घेऊन आम्ही हा खेळ खेळायचो, ते डोळे मिटायला लावायचे आणि मला ऐकून सांगायचं असायचं. मी पुढे परवाना घेतला, टॉर्क रेंच घेतला, वर्षाला तो तपासायला पाठवतो, त्याच्यावर शिक्का लावून आणतो. नानांना हे पटायचं नाही. ‘हाताला कळत नाही होय रे?’ असं ते एकदाच विचारून गप्प झाले होते. मी त्यांना सांगितलं होतं, हाताला कळतं, पण हात दमतो, आणि दमल्यावरही त्याला कळल्यासारखंच वाटतं. त्या वेळी ते मला फार बरोबर उत्तर वाटलं होतं. २६ चा पाना बघून मी असू दे म्हणालो तेव्हा ना रेंच होता, ना कान. मी तो हलवूनही पाहिला नाही.

सकाळी तो पाना पिशवीत घालून नेला. विमानासाठी नाही. हँगरच्या यादीत नसलेलं हत्यार विमानाजवळ न्यायचं नाही हा आमचा नियम आहे, आणि तो योग्य आहे. संध्याकाळी फळीवरची प्रत्येक हत्याराची रंगवलेली आकृती भरलेली दिसल्याशिवाय आम्ही विमान सोडत नाही. शेजारच्या हँगरमधल्या इंजिनिअरनं त्याचा एक इंची क्रोफूट दिला, दोन्हीकडच्या रजिस्टरमध्ये नोंद करून. मी तो मुलाच्या हातात दिला आणि सांगितलं, ‘काल मी हो म्हणालो ते चुकलं माझं. तू विचारलंस, थांबवायला मी हवं होतं.’ तो गोंधळला. पट्टी बांधलेली बोटं त्यानं पाठीमागे नेली. मग म्हणाला, ‘सर, काटकोनात ना?’

काटकोनात. जागा पुसली, बोट फिरवून बघितलं, जुनं रबर नाही. ग्रीस. फिल्टर हातानं टेकेपर्यंत. क्रोफूट चढवल्यावर त्यानं आपणहून तो जरा हलवून पाहिला, मी त्याला नानांचं काहीही सांगितलं नव्हतं. मग रेंच, सावकाश, झटका न देता, आणि १७ ला तो खटका, जो हातात आधी येतो आणि कानात नंतर. तार बांधली, टोक वळवून आत दाबलं. एरोशेल डब्ल्यू १०० तेल ओतलं, डिपस्टिक बघितली. इंजिन दोन मिनिटं चालवून बंद केलं आणि टॉर्च घेऊन दोघं आत वाकलो. कोरडं होतं. डब्यावर त्यानं मार्करनं तारीख आणि तास लिहिले. सव्वानऊला मी सही केली. तो विद्यार्थी सकाळपासून बाकावर बसून होता, पुस्तक उघडं ठेवून. त्याचं विमान धावपट्टीवर वळलं तेव्हा पाऊस थांबला होता आणि डांबरावरून वाफ निघत होती.

मग कालचा फिल्टर, म्हणजे त्याचं टोक, शेगड्यात धरलं आणि पिशवीतून नानांचा पाना काढला. मुलानं त्यावरचा ९/१६ वाचला आणि माझ्याकडे बघितलं, हा कसा बसेल? मी म्हटलं, लावून बघ. ज्या सपाट बाजू शाबूत होत्या त्यांच्यावर त्यानं तो चढवला. सरकन गेला. त्याचा चेहरा खुलला. ‘बसला की सर!’

मी काही बोललो नाही. त्यानं दांडा दोन बोटांत धरला, डावीकडे-उजवीकडे हलवला, पुन्हा हलवला, आणि शेगड्याकडे कान नेला.

‘थोडा वाजतोय,’ तो म्हणाला.